एफी मावशीची बाटली

२२ सप्टेंबर, सोमवार

धुकं! खाडी आज दिसलीच नाही. दवाखान्याच्या खिडकीबाहेर नुसता पांढरा पडदा. त्यातून एकेक जण उगवतो, हात पुढे करतो, आपलं प्रेशर माझ्या वहीत ठेवून पुन्हा विरघळून जातो. औषधाच्या चाचणीचं हे काम घेतल्यापासून मला सारखं अर्धवट झोपेत असल्यासारखंच वाटतं. नेहमीच्या औषधांना दाद न देणारं प्रेशर, त्यावर जास्तीची एक गोळी. काहींच्या बाटलीत खरी, लघवी करवून प्रेशर उतरवणारी गोळी, काहींच्या बाटलीत खोटी. दिसायला सारख्याच. कुणाला कुठली, हे पेशंटला माहीत नाही आणि मलाही नाही. माहीत नसण्याचा मला पगार मिळतो!

ड्रुसिला मावशी आज १३८. दोन महिन्यांपूर्वी १७६ होती. तिची भावजय एफी मावशी १७४, जिथल्या तिथे. दोघी एकाच घरात राहतात, एकाच पातेल्यातलं खारं मांस खातात. उरलेल्या गोळ्या मोजल्या. दोघींच्याही बरोबर, एक कमी नाही, एक जास्त नाही.

"नणंद जिंकली माझी," एफी मावशी म्हणाली. आणि इतकी खूश दिसली!

२५ सप्टेंबर, गुरुवार

अजून धुकंच. घरी येताना वाटलं, मी चालत नाहीये, रस्ताच माझ्या पायांखालून हळूहळू सरकतोय.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज दोघी मावशींच्या घरी जाऊन तपासायचं होतं. ड्रुसिला मावशी चुलीजवळच्या खुर्चीत पेंगत होती. टेबलावर दोघींच्या जागांवर दोन कप, प्रत्येकापुढे एक बाटली. मी बाटल्यांवरचे पेशंट-नंबर वाचले.

"मावशी, बाटल्या उलट झाल्यात."

"उलट नाहीत," एफी मावशी हळूच म्हणाली. "बरोबर आहेत."

मला हाताला धरून ती परसदारी घेऊन गेली. पहिल्या आठवड्यात म्हणे तिला सारखं पळावं लागायचं, आणि ड्रुसिला ढिम्म बसलेली. "तेव्हाच कळलं मला, खरी कुणाला लागली ते." सकाळच्या चहाबरोबर गोळ्या काढून देणार हीच. त्या दिवसापासून आपली तिला, तिची आपल्याला.

"मावशी, अहो, नियम आहेत!"

"कुठले गं नियम? या गावात एकीच्या जाळ्यात मासे आले आणि शेजारणीच्या नाही, तर पहिली एकटी जेवते का? तू इथलीच ना?"

मी इथलीच.

"लिअँडर याच प्रेशरनं गेला," ती म्हणाली. लिअँडर म्हणजे तिचा नवरा, ड्रुसिलाचा भाऊ. "त्याला पोचवून आलो तेव्हा ही म्हणाली, एफी, आता नंबर माझा. तेव्हापासून मी रात्रंदिवस हिचा श्वास ऐकते."

पट्टा बांधला. एफी मावशी — १८६.

बाटल्या उचलून पिशवीत टाकायच्या, शहरातल्या डॉक्टरांना तिथूनच फोन करायचा. एवढंच काम होतं.

"शनिवारी हॉलमध्ये जेवण आहे, नाच आहे. सूज उतरून चार वर्षांनी तिच्या पायात बूट चढलेत, रोवेना. सोमवारी सांग ना. आधी मला तिला सांगू दे."

"आणि तुमचं प्रेशर?"

"आमची जुनी ओळख आहे. ते मला काही करत नाही."

मी म्हटलं, सोमवारी.

४ ऑक्टोबर, शनिवार

ड्रुसिला मावशी नाचली! निळे बूट, मोठ्या होडीसारखी डुलत, डोळे मिटून. अ‍ॅकॉर्डियन थांबलं तरी ही आपली नाचतेच आहे. "कुणीतरी नांगर टाका रे!" मागून एक म्हातारा ओरडला. दिवे पिवळे, खिडक्यांना वाफ, सगळा हॉल पाण्याखाली असल्यासारखा.

एफी मावशी भिंतीकडेला टाळ्या वाजवत होती. मध्येच कपाळ चोळलं. "बाजा डोक्यातच वाजतोय बघ." मी हसले. ती मला फार सुंदर दिसली.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी साडेसातला फोन. मी करायचा होता तो नव्हे. ड्रुसिला मावशीचा — "एफीच्या हातात कप राहत नाहीये."

७ ऑक्टोबर, मंगळवार

जिवंत आहे. उजवी बाजू गेली. बोलता येत नाही, फक्त डोळे फिरतात.

कुणाला कुठली गोळी ते लिहिलेलं सीलबंद पाकीट शहरातल्या डॉक्टरांनी उघडलं. खरी एफी मावशीचीच होती. ते म्हणाले, "चाचणीतून बाहेर पडल्या असत्या तर ती गोळी दोघींनाही लिहून देता आली असती. साधं औषध आहे. विचारायचं तरी!"

विचारायचं तरी. चार दिवस माझ्याजवळ होते.

ड्रुसिला मावशीला दवाखान्याच्या व्हरांड्यात मी सगळं सांगितलं. तिनं स्वतःच्या पायांकडे बघितलं. म्हणाली, "वेडी कुठली. मला विचारलंन का?" आणि माझ्याकडे न बघता — "तुला कधी कळलं, पोरी?"

तेवढ्यात आतून नर्सनं हाक मारली. मला उत्तर द्यावं लागलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

अहवालात एक चौकोन असतो — चूक प्रथम केव्हा लक्षात आली. डॉक्टर फोनवर म्हणाले, सोमवारच ना, टाका सोमवारची तारीख. मी २ ऑक्टोबर लिहिलं, खाली सही केली, आणि पाठवण्याआधी कागद ड्रुसिला मावशीच्या हातात दिला.