तळ्यापर्यंत एक फेरी

रविवार, ३ मार्च
गाडी आणली. वय माझ्याहून चार वर्षांनी जास्त, बांधा माझ्याहून बरा. टायरची नक्षी अजून कोरी. केवढी ही जपणूक. टोचन लावून आणावी लागली, हा तपशील गौण. विकणाऱ्या काकूंचे यजमान मागच्या वर्षी गेले. काकूंची अट एकच. एप्रिलअखेर त्या आपल्या मुलीकडे कायमच्या राहायला जाणार. त्याआधी याच गाडीतून त्यांना तळ्यापर्यंत एक फेरी मारून आणायची. मी म्हटलं, एप्रिल कशाला काकू, मार्चअखेरच. त्यांनी माझा हात हातात घेतला. जरा कसंसं झालं. बहुधा ऊन.

हिला गाडी घेण्याचा विचार सांगितला होता. घेतल्याचं सांगायचं राहिलं. ही बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, गाडी आणलीत की गाडीचं पार्थिव?

सोमवार, ४ मार्च
संकल्प : शाळेत जाण्याआधी रोज एक तास गाडी. आज विश्रांती, कालच्या दगदगीमुळे.

रविवार, १० मार्च
मेस्त्री आला. इंजिन जाम आहे म्हणाला. सगळं खोलावं लागेल, पण त्याला इतक्यात वेळ नाही. खोलायला काय लागतं? मीच खोलतो.

रविवार, १७ मार्च
खोललं. ब्रेकही खोलले, हात चालत होता म्हणून. अत्यंत पद्धतशीर काम : प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. चिठ्ठ्या संस्कृतात, म्हणजे घोटाळा नको. 'यन्त्रशिरसस्तृतीयं कीलकम्', म्हणजे इंजिनाच्या डोक्याचा तिसरा बोल्ट, वाचून समाधान वाटलं. इतकी वर्षं शिकवलेला विषय प्रथमच कामी आला.

काकूंचा फोन. गाडी काय म्हणते? मी म्हटलं, प्रगतिपथावर आहे.

रविवार, ३१ मार्च
मार्चअखेर म्हटलेलं काकूंच्या लक्षात नसावं.

नऊला फोन. लक्षात आहे. हिला खुणेनं सांगितलं, आंघोळीला गेलेत म्हण. हिने सांगितलं, पण माझ्याकडे बघत सांगितलं.

रविवार, ७ एप्रिल
मेस्त्रीने एक चिठ्ठी उलटसुलट धरून पाहिली आणि विचारलं, सर, इंजिन जोडायचंय की मंत्र म्हणायचेत? मी अर्थ सांगत गेलो. 'अज्ञातं लघुवलयम्' अशा चिठ्ठीच्या बऱ्याच पिशव्या निघाल्या. पावसाळ्यानंतर बघू म्हणून तो गेला.

फोन. आंघोळ.

रविवार, १४ एप्रिल
फोन आज अकराला. तरी आंघोळच. काकूंनी हिला सांगितलं, सामान सगळं बांधून झालं, तळ्याला जायच्या चपला तेवढ्या बाहेर ठेवल्यात. फोन ठेवून ही म्हणाली, यापुढचं खोटं तुमचं तुम्ही बोला, माझ्याकडचं संपलं.

जेवण गेलं नाही. दोनदा वाढून घेतलं, ते लक्ष नसल्यामुळे.

रविवार, २१ एप्रिल
काकूंकडे जाऊन खरं सांगायचं ठरवलं. वाक्य तयार : 'गाडी खोलली गेली आहे.' असं म्हटलं की मी त्यात फारसा दिसत नाही.

बांधलेल्या खोक्यांमध्ये काकू एका खुर्चीवर बसल्या होत्या. पायात त्या चपला. म्हणाल्या, आलात न्यायला?

मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की.

रविवार, २८ एप्रिल
काकू टॅक्सीने स्वतःच आल्या. पळायला जागा नव्हती. सांगून टाकलं : मी खोलली, जोडता येत नाही, आणि फोनच्या वेळी मी आंघोळीत नसायचो. काकू म्हणाल्या, ते कळलं होतं मास्तर. इतकी आंघोळ करणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

मग दार उघडून त्या गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, ढकला.

ही स्टिअरिंगला. मागून मी आणि टॅक्सीवाला. ब्रेक पिशवीत आहेत हे फाटकाच्या उतारावर आठवलं. शेजाऱ्यांच्या वाळूच्या ढिगाने आम्हाला सांभाळून घेतलं. मी धावत खिडकीशी गेलो. काकूंचे डोळे भरले होते. म्हणाल्या, आमच्या यांनी वीस वर्षं दर रविवारी या गाडीवर काम केलं; पुढच्या रविवारी तळ्याला नेतो म्हणायचे. तुम्ही निदान फाटकाबाहेर काढलीत.

हे कौतुक होतं का, याचा विचार अजून चालू आहे.

तळ्याला टॅक्सीनेच गेलो, तिघं. वाटभर काकू टॅक्सीवाल्याला सांगत होत्या, छान चालते हो तुमची गाडी.

रविवार, ५ मे
गाडी वाळूतच आहे. उद्यापासून रोज एक तास.

नऊला काकूंचा फोन आला, मुलीकडून. रुळले म्हणाल्या, आणि मास्तर कुठायत विचारलं. मी खरोखरच आंघोळीला गेलो होतो. हिने तसं सांगितलं. काकू एवढ्या हसल्या की हिला फोन कानापासून लांब धरावा लागला.