आत्याची काचपट्टी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
भूविज्ञान विभाग, विद्यापीठ.

विषय: आपल्या नमुना-कपाटातील काचपट्टी अर्जदारास परत मिळण्याबाबत.
संदर्भ: करिअर मेळाव्यात 'भूविज्ञानातील संधी' यावर बोलण्याचे आपले निमंत्रण.

महोदय,

सविनय कळविते की, मी आपल्या विभागाची माजी विद्यार्थिनी आहे. प्रवेशाच्या दिवशी माझ्या आत्याने आपणांस विचारले होते की दगडधोंडे शिकून पोरीला नोकरी कोण देणार. आपण हसून म्हणालात, जमीन काय पळून जाते आहे? आईवडिलांच्या मागे मला वाढवणाऱ्या त्या बाईने तेवढ्यावर पालक म्हणून सही ठोकली.

२. माझ्या वर्गातले काही खाणीत गेले, काही तेलविहिरींवर. एक जण बोअर कुठे घ्यायची ते सांगत फिरतो. मला उतार-पाहणी कार्यालयाने घेतले. म्हणजे पळून जाणाऱ्या जमिनीवरच लक्ष ठेवण्याची नोकरी. डोंगराखालच्या घराच्या भिंतीला तडा दिसला की त्यावर आडवी पातळ काचपट्टी ठेवायची, दोन्ही टोके प्लास्टरने चिकटवायची, तारीख घालायची. काच तुटली तर तडा वाढतो आहे. घर रिकामे करायचे. आत्याचे घर माझ्याच हद्दीत होते.

३. तिच्याकडची पट्टी तुटली. आत्याला वाटले, पोरीच्या हातची सरकारी वस्तू आपल्या घरात फुटली, आता साहेब तिला फाडून खाणार. तिने फ्रेमवाल्याकडून नवी काच कापून आणली, रंगकामातला उरलेला चुना कालवून बसवली, आणि माझ्या अक्षरात तारीखही घातली. हे फ्रेमवाल्याने मला सांगितले ते तिला स्मशानात पोचवून आल्यावर. मधल्या काळात मी तिथे पोटभर जेवून, पट्टी शाबूत असल्याचा शेरा मारून आले होते. डोंगर दुपारी खाली आला. आत्या घरातच होती. फ्रेमवाल्याची काच जाड. ती चुन्याच्या दोन्ही गोळ्यांसकट भिंतीतून उपटून आली, पण तुटली नाही.

४. कार्यालयाने ती पट्टी आपणांस अध्यापनासाठी दिली. कार्यालयाचे प्लास्टर आम्लाने फसफसत नाही, वाळलेला चुना फसफसतो. एक थेंब टाकला असता तर पट्टी बदलल्याचे तिथेच उघड झाले असते, आणि एवढे तर पहिल्या वर्षाचे पोरही करते, असे आपण दरवर्षी वर्गात सांगता. बरोबरच आहे. मुलांनी माझे नाव 'काचवाली' ठेवले आहे, त्याचीही तक्रार नाही.

५. तक्रार अशी की, एका टोकाच्या चुन्यात आत्याचा अंगठा उमटलेला आहे. मुले नेमका त्यावरच थेंब टाकतात. खळग्यात आम्ल छान साचते, असे आपल्या प्रयोगशाळा सहायकांनी मला मोठ्या कौतुकाने दाखवले. रेषा निम्म्या गेल्या आहेत. मला संताप येतो, साहेब, आणि तो कुठल्या रकान्यात लिहावा ते कळत नाही. मागील अर्जावर आपण हा अंगठा मयताचाच असल्याचा पुरावा मागितलात. आत्या शिकलेली होती, जन्मभर सहीच करत आली. तिचा अंगठा जगात दुसरीकडे कुठेही नाही.

६. बदल्यात मी माझ्या हातच्या पट्ट्या देते, हव्या तितक्या. कार्यालयात तुटलेल्यांची टोपली भरली आहे. चुना लावून देते. मुलांना काय, फसफसल्याशी कारण. मेळाव्यालाही येते. नटूनथटून येते आणि या क्षेत्रात संधी भरपूर आहेत असे सांगते. ते खोटेही नाही, डोंगर तेवढे आहेत.

७. नमुन्यांची समिती पुढील सत्रात बसणार असल्याचे समजले. प्रात्यक्षिके मात्र सोमवारपासून आहेत. तरी निर्णय होईपर्यंत आम्ल कृपया दुसऱ्या टोकाला टाकावे, एवढी सूचना मुलांना द्यावी, ही हात जोडून विनंती.

आपल्याच हाताखाली शिकलेली,
(सही)
काचवाली
उतार-पाहणी कार्यालय
शनिवार, प्रात्यक्षिकांपूर्वी

सोबत: बदली नमुना म्हणून काचपट्टी, एक. तुटलेली. चुना ताजा, पण वाळलेला आहे. अंगठा माझा.