तुझं नाव घेण्याआधी

प्रिय सलीमा,

हे पत्र तुला आलिमा वाचून दाखवील. आलिमा, आजीला सगळं वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

परवा मी मिठबावला तुझ्या लेकीकडे आले, तेव्हा तू चहा केलास, यंदाच्या मोहोराचं बोललीस, माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. कारखान्याचा विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही. समोर माणूस असलं की मी भाषण करते, हे तू अठ्ठावीस वर्षं सोसलं आहेस. म्हणून लिहिते.

काजू निवडायच्या टेबलावर तुझी जागा रिकामीच आहे. यशोदा एकसष्टाव्या वर्षीही पहाटेच्या एसटीने येते. तिला पगाराइतकीच सोबत लागते. मला काम लागतं, कारण बिनकामाच्या म्हातारीचं मत कोणी विचारत नाही. तू कधी कारण सांगितलं नाहीस. मी वाचनालयातल्या पुस्तकातलं काही सांगू लागले की म्हणायचीस, "झाला बोलान? आता हात चालय गो." तुझे हात चालतच असायचे. अख्खा गर, पाकळी, तुकडा, तुला बोटांनी कळायचं. डाग तेवढे दिसेनासे झाले होते. जेवणाच्या सुट्टीत तू हात धुवायला गेलीस की मी आणि यशोदा तुझ्या ट्रेमधले डागी गर वेचून काढायचो. दोन वर्षं. तुला ते ठाऊक होतं, हे आम्हालाही ठाऊक होतं. हात धुवायला इतका वेळ कोणाला लागत नाही.

मग मागच्या महिन्यातली सभा. अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना निवडीवरून काढणार, असं मॅनेजर अजयने सांगितलं आणि मी उभी राहिले. अनुभव, एकमेकींचा आधार, सगळं मुद्देसूद मांडलं. शेवटी एक दाखला हवा होता. मी म्हणाले, या सलीमाला दोन वर्षं डाग दिसत नाहीत, आमच्या टेबलावरून एक तरी डबा परत आला का? टाळ्या पडल्या. अजयने वहीत काहीतरी टिपलं. तू खाली बघत होतीस, आणि मी टाळ्या ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी तुला घरी पाठवलं. बाकीच्यांच्या वयाचा विषय पुन्हा निघाला नाही. बायका म्हणतात, लक्ष्मीमुळे आम्ही वाचलो. यशोदाने मात्र गेटवर गाठून विचारलं, "तिका इचारलंस काय?" नव्हतं विचारलं.

सोमवारी अकरा वाजता ओरोसला कामगार कार्यालयात युनियनतर्फे मी केलेल्या अर्जाची सुनावणी आहे. तुला गराची साल काढायच्या टेबलावर परत घ्यावं, तिथे नजरेपेक्षा बोटं लागतात, असं मला मांडायचं आहे. त्यासाठी तुझ्या डोळ्यांचं पुन्हा चारचौघांत बोलावं लागेल आणि ते कागदावर कायमचं राहील. अर्जात 'एक कामगार' एवढंच आहे, तुझं नाव अजून घातलेलं नाही. घालू का? नको असेल तर अर्ज मागे घेते. का म्हणून विचारणार नाही. आलिमाने शनिवारपर्यंत यशोदाच्या फोनवर हो किंवा नाही एवढंच कळवावं. आणि तू स्वतः आलीस, तर तूच बोल. मी मागच्या बाकावर बसेन.

तुझीच,
लक्ष्मी