तीन-तीन छिद्रांचं कातडं

रियाध
१२ सप्टेंबर २००६

प्रिय इस्मत,

सलाम. शुक्रवारी फोनवर तू तीनदा विचारलंस, तिकीट झालं का, आणि मी तिन्ही वेळा इथल्या उन्हाचं बोलत राहिलो. कार्ड संपलं नव्हतं, फोन मीच ठेवला. जे तोंडातून निघेना ते लिहून बघतो.

ज्याच्या व्हिसावर मी इथे आहे, त्या कफीलच्या घरच्या लॅटिन पोथीचं तुला ठाऊक आहेच. ती नीट शिवून दिली की पासपोर्ट माझ्या हातात आणि आपल्या उमामाच्या निकाहाला मी घरी, असा वायदा होता. इस्मत, असं काम जन्मात कधी हाती आलं नव्हतं. आठशे वर्षांची पोथी, कागदाचा कपटा नाही, सगळी पानं वासराच्या कातड्याची. एक बाजू गोरी, दुसरी पिवळसर, केसांची मुळं दिसणारी. आठ-आठ पानांचा एक जुज, असे सत्तावीस. कातडं ताणताना भोक पडलं तिथे कारागिराने दोऱ्याने टाके घातले होते आणि लिहिणाऱ्याने भोकाला वळसा घालून ओळ पुढे नेली होती. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी तो माणूस ओळखीचा वाटायचा.

वर लाकडी फळ्या, त्यांवर पांढरं कातडं. फळीच्या आत चिकटवलेल्या पानावर मालकांची नावं. कफीलचा लेबनानी सेक्रेटरी वाचून सांगायचा. आधी एक ख्रिस्ती मठ, मग कुणीतरी खरवडलेलं नाव, मग एक वैद्य, मग कुणा सरदाराचा शिक्का. परदेशातलं एक म्युझियम पोथी घेणार होतं ते या नावांच्या जोरावर. ती चोरीची नाही याचा तेवढाच पुरावा होता.

एका दुपारी भिंग लावलं, तर त्या पांढऱ्या कातड्यावर केसांची छिद्रं तीन-तीनच्या झुबक्यांत. रत्नागिरीच्या प्रेसमध्ये भिकूमास्तरांनी शिकवलेलं, तीन छिद्रं जवळजवळ दिसली की डुक्कर समजायचं. आपले लोक कुराणशरीफ बांधायला आणायचे, म्हणून तो हिंदू म्हातारा प्रत्येक कातडं उन्हात धरून तपासायचा. आणि मी महिनाभर ते उघड्या हातांनी चोळत होतो, त्याच शिकंज्यात कुराणंही दाबत होतो.

गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं असतं? तू म्हणतेसच, माझ्या पोटात काही राहत नाही. कफीलला सांगून टाकलं. वाटलं, शिकंजा वेगळा कर म्हणेल. हात दाखवून अवलक्षण! तो ओरडायलाच लागला. "खलास! जला दो, लकडी के साथ, यल्ला!" मी नावांचं बोललो, आतलं चिकटवलेलं पान तरी सोडवून घेतो म्हणून पाया पडलो. त्याने ऐकलं नाही. मागच्या अंगणात त्या फळ्यांना आणि कातड्याला काडी मीच लावली. इतक्या लोकांनी सांभाळलेलं ते पंधरा मिनिटांत गेलं, माझ्याच हाताने. मी रडलो, हे फक्त तुला सांगतो.

नावांचा पुरावा उरला नाही म्हणून मागच्या महिन्यात म्युझियमने पोथी नाकारली. आता कफील म्हणतो, नौशादने मला न विचारता जाळलं. सेक्रेटरी बेरूतला निघून गेला, माझ्या बाजूने बोलायला दुसरा कोणी नाही. पोलिसात केस झाली आहे आणि ती सुटेपर्यंत मला देश सोडता येत नाही. आपल्या वकिलातीतल्या माणसाने चहा पाजला आणि मान हलवली. त्याच्या ओळखीचा एक प्लंबर अशाच केसमध्ये सहा वर्षं अडकलाय. मला काही आशा वाटत नाही, इस्मत.

आपण शाफई पंथाचे. बाप हयात असताना त्याच्या परवानगीवाचून मुलीचा निकाह लागत नाही. तुम्ही तारीख पुढे ढकलत राहाल, मुलाकडचे कंटाळतील आणि पोरगी माझ्यापायी घरात बसेल. तेवढं होऊ नये म्हणून हे लिहायला बसलो. सोबतच्या कागदावर दोघा साक्षीदारांच्या सह्या आहेत. माझी मुलगी उमामा हिचा निकाह लावून द्यायला मी माझा भाऊ फकरुद्दीन याला वकील नेमलं आहे. ईदनंतरच्या रविवारी तो काझीसमोर माझ्या जागी बसेल. कागद त्याच्याकडे आजच दे. उमामाला मात्र त्या दिवशी सकाळपर्यंत, अब्बा येतायत, असंच सांग.

तुझाच,
नौशाद