जखम सापडेना

मार्गशीर्ष, गुरुवार, संध्याकाळ

पूजा झाली, पण पोथीत मन लागलं नाही. ह्यांच्या जांघेत गाठ आलीय. सासूबाई म्हणाल्या, "अवधाण हाय, पायाला लागलं की येतंच, त्याल लावून चोळ, बसंल." मी चोळत राहिले. आज डॉक्टर ओरडलेच. "वहिनी, ती गाठ म्हणजे शरीराची चौकी. पायातून शिरलेले जंतू तिथं अडवले जातात, म्हणून सुजते. चोळू नका. पायाला जखम कुठाय?"

जखम सापडली नाही. मग गाठ कशाची? डॉक्टर म्हणाले, उतरली नाही तर कराडला मोठ्या दवाखान्यात गाठीची तपासणी.

हे हसतात, "आगं, उसात लागलं असंल कुठंतरी."

आत्ता मोबाइलच्या उजेडात तळवे, बोटांच्या बेचक्या पुन्हा बघितल्या. काही नाही. गाठ तशीच.

देवा, ह्यांना काटासुद्धा लागू नये म्हणून रोज हात जोडते. आज एवढंसं खरचटलेलं तरी दाखव.