शांताबाई आमच्या कोण लागत होत्या

मी, क्षमा मधुकर साटम, वय वर्षे ६८, अविवाहित, निवृत्त ग्रंथपाल, राहणार पंतनगर, घाटकोपर (पूर्व), मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी सांगितले म्हणून नव्हे आणि कुणाला भिऊनही नव्हे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉ. सुशांत गवाणकर यांनी तशी खात्री करून घेतली. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. ते पुरे म्हणत होते तरी मी दोनपर्यंत गेले, कारण शेवटी किती उरतात ते मला बघायचे होते.

यापूर्वी २०१४ साली मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात चूक नव्हती, एक माणूस राहून गेले होते.

कलम १. बँकेतील माझ्या सर्व ठेवी माझ्या भाच्याची, निलेशची, मुलगी जान्हवी हिच्या शिक्षणासाठी आहेत. काय शिकावे याची अट नाही. अर्धवट सोडू नये एवढीच आहे.

कलम २. पुस्तके सोसायटीच्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी पेन्सिलीने प्रश्न लिहिले आहेत, ते खोडू नयेत. कुणाला उत्तर ठाऊक असेल तर त्याने खाली शाईने लिहावे.

कलम ३. आईचा चकलीचा पितळी सोऱ्या २००३च्या दिवाळीपासून जुन्या इमारतीतल्या नीलम सावे यांच्याकडे आहे. त्या नाही म्हणतात. माझ्यामागे कुणी तो मागायला जाऊ नये, पण विसरूही नये.

कलम ४. माझे वडील मधुकर साटम गिरणीत फिटर होते. त्यांची हत्यारपेटी निलेशने घ्यावी. तो संगणकावर काम करतो आणि त्याला नळाचा वॉशर बदलता येत नाही. पेटीतली एक चिठ्ठी मात्र मी काढून या कागदाला जोडली आहे. ती का, हे पुढे येईल.

कलम ५. आता घर. बाबांच्या हाउसिंग बोर्डाच्या खोलीच्या जागी पुनर्विकासानंतर मला चौदाव्या मजल्यावरचा हा फ्लॅट मिळाला, तो मी दोघांना निम्मा-निम्मा देत आहे: माझे दिवंगत भाऊ चंद्रप्रकाश यांचा मुलगा निलेश, आणि शांताबाई धुरी यांची नात मानसी मेस्त्री.

मानसीने माझी सेवा केली म्हणून हे देत नाही. सेवा निलेशनेच जास्त केली. माझे खुब्याचे हाड मोडले तेव्हा लिफ्ट बंद होती आणि त्याने मला खुर्चीसकट चौदा मजले खाली नेले, वाटेत सोसायटीच्या सेक्रेटरीला शिव्या घालत. तरीही घर निम्मेच. का, ते लिहिलेच पाहिजे, कारण शांताबाई आमच्या कोण लागत होत्या हे उद्या कुणीतरी नक्की विचारेल. माझी शाळेतली मैत्रीण आणि वकील रेवती म्हणाली, "क्षमे, मृत्युपत्रात गोष्टी लिहायच्या नसतात गं."

"मग कुठे लिहायच्या?" मी विचारले. 

१९६७ची भाऊबीज. मी दहा वर्षांची होते. त्या दिवशी आमची खोली आईच्या माणसांनी भरलेली असे. तिचे तीन भाऊ ओळीने पाटावर बसत. बाबांना बहीण नव्हती. मामांचे ओवाळणे सुरू झाले की "मीठ घेऊन येतो" म्हणून ते खाली जात. घरात मीठ असे. त्या वर्षी त्यांनी पायात चपला घातल्या, दार उघडले, तर दारात एक बाई. हातात पिशवी, पिशवीत ताट, मुठीत एक चिठ्ठी. तिने बाबांकडे पाहिले आणि ती रडायलाच लागली. "इतक्या वर्सांनी गावलंस रे माका!"

मी दाराशीच होते.  बाबांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "आत ये." आणि मामांच्या शेजारी जाऊन पाटावर बसले.

त्यानंतर शांताबाई दर भाऊबीजेला मरोळहून दोन बस बदलून येत राहिल्या. आम्ही त्यांना मरोळची आत्या म्हणू लागलो. त्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या आणि आम्हा मुलांसाठी कंगवे आणत. बाबा त्यांना ओवाळणीत साडी घालत. ती स्वतः दुकानात जाऊन निवडत. आई मरेपर्यंत म्हणत होती, "मला कधी एक रुमाल आणला नाही." तिचे हे म्हणणे खरे आहे आणि ते इथे नोंदवून ठेवते.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर सिस्टर बर्नाडेट प्रत्येकीला एक आभारपत्र लिहायला लावत: सुट्टीत ज्यांच्यामुळे आनंद झाला त्यांना, आणि पाकिटावर पूर्ण पत्ता. मी लाल कंगव्याबद्दल मरोळच्या आत्याला लिहिले. पत्ता आईला विचारला.

"मला काय ठाऊक? बाबांना विचार, त्यांच्याकडची ती."

बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आईला विचार."

बाबा राजापूरचे, आई कुडाळची. राजापूरच्या काकूला विचारले, तर ती म्हणाली, "अगो, ती तुझ्या आईकडची. बोलण्यावरून कळत नाही?" मग मोठ्या मामांना विचारले. "मधुकररावांना ओवाळते ना? मग त्यांचीच बहीण. शाळेत शिकवतात काय तुला?"

सिस्टरनी पत्र परत दिले. पत्ता नसलेल्या पत्राला गुण नव्हते. पण मला तेव्हा कळले की आमच्या घरात एक माणूस असे आहे, ज्याच्याबद्दल सगळ्यांची खात्री आहे आणि माहिती कुणालाच नाही. पुढे नोकरीत मी हजारो पुस्तके योग्य कपाटात लावली. शांताबाईंचे कपाट मला सापडेना.

बाबा १९९५च्या जूनमध्ये गेले. त्यांची पेटी आवरताना खिळ्यांच्या डब्याखाली ती चिठ्ठी मिळाली. कुणाच्या तरी कच्च्या अक्षरात लिहिले होते: "सहदेव धाकू राणे, हाउसिंग बोर्ड, इमारत ४१, खोली ११७३, विक्रोळी." आमचीही इमारत ४१ आणि खोली ११७३च होती. पण घाटकोपरच्या वसाहतीतली.

मागे बाबांचे अक्षर, पेन्सिलीने:

"१२ नोव्हें. ६७, कुलूप.
२६ नोव्हें., कुलूप.
७ जाने. ६८, दुसरे कुटुंब. नवा पत्ता नाही."

तिन्ही रविवार होते. मी जुने पंचांग काढून पाहिले.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला शांताबाई आल्या. ओवाळायला कुणी नव्हते, नुसत्याच बसून राहिल्या. मी चहा दिला आणि चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांना वाचता येत नव्हते.

"आत्या, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होता तर." त्यांनी बशीत चहा ओतला. "माझो भाव सहदेव चौदाव्या वर्सार घरातसून गेलो. तेचो डावो कान म्हशीच्या शिंगान फाटललो. तुझ्या बापाशीक कुंकू लावताना बघितलंय, दोनय कान आख्खे."

"मग?"

"मग काय? निरांजन पेटलेला. पेटलेला निरांजन कोण इजयता? ओवाळलंय."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्साक करंज्यो तळून झाल्यो होत्यो."

मी विचारले, त्या दोघांत यावर कधी बोलणे झाले का. त्या म्हणाल्या, "नाय. तेणा माका सांगूक नाय, मी तेका विचारूक नाय." मग त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली. "तीनदा गेलो?"

"तीनदा."

"बघ तर. सख्खो असतो तर एकदाच गेलो असतो."

पुढच्या वर्षापासून त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी मालन यायला लागली आणि ती चंद्रप्रकाशला ओवाळू लागली. शांताबाई गेल्या, मालन गेली, आणि आता मानसी निलेशला ओवाळते. बाकी कुणाला मी काही सांगितले नाही. बाबांनी सांगितले नव्हते, म्हणून. ते त्या दिवशी पाटावर का बसले, हे मला आजही नक्की माहीत नाही. मीठ आणायचा कंटाळा आला असेल, असे मी स्वतःला सांगून पाहिले आहे. पटत नाही.

गप्प राहण्यात माझी चूक झाली, हे मला २०२४च्या भाऊबीजेला समजले. जान्हवी मोबाइलवर घराण्याची वंशावळ काढत होती. सगळे आपापल्या चौकटीत बसले. मग तिने विचारले, "मानसीआत्या, तुझी आजी कुठे लावू?" मानसीने माझ्याकडे पाहिले. निलेश गमतीने म्हणाला, "तिला कुठे लावतेस? ती आपली गेस्ट आर्टिस्ट." सगळे हसले. मानसीही हसली. २०२५च्या गणपतीला ती आली नाही. लॅबमध्ये काम आहे म्हणाली. भाऊबीजेचा विषय निघाला तर म्हणाली, "मावशी, बघते हं." मुंबईत 'बघते' म्हणजे काय, हे सांगायला वकील लागत नाही.

म्हणून मी खोटे बोलले. कागदावर तुझी सही हवी, असे सांगून तिला २३ ऑक्टोबरला, भाऊबीजेला, बोलावून घेतले. जेवणे झाल्यावर कलम ५ इथपर्यंत सर्वांना वाचून दाखवले. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, हे मला मान्य आहे. पण ऐकणाऱ्यांचे चेहरे बघायला मी नसेन, हे मला सोसेना.

पहिल्यांदा निलेश बोलला. "म्हणजे आत्या, अठ्ठावन्न वर्षं आपण चुकून आलेल्या माणसाला जेवायला घालतोय?"

"पाच मिनिटं चुकून. बाकी समजून."

"आणि त्यासाठी अर्धं घर? मला आधी सांगितलं असतंस तर मीसुद्धा हेच केलं असतं."

"नसतं केलंस."

 "हां, नसतं केलं," तो म्हणाला. हा त्याचा गुण मी इथे आवर्जून लिहिते.

त्याची बायको अक्षता म्हणाली, "दोघांच्या नावावर ठेवलंत तर विकताही येणार नाही. सह्या दोघांच्या लागतील."

"म्हणूनच. सह्यांसाठी तरी भेटतील."

 मला वाटले, मानसी घरी जाऊन रडेल. ती रडली नाही, चिडली. "मावशी, मला घर नको. तुम्हाला एक विचारू? आजीला, आईला, मला, या घरातून कुणी कधी बोलावलंय? एक फोन? एक पोस्टकार्ड? आम्ही आपल्या येतो. दर वर्षी दार वाजवताना आजी आधी पदर सारखा करायची, माहितीये?"

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. आईला वाटत राहिले की बाबांनी बोलावले असेल. काकूला वाटले, आईने. निलेशला वाटले, मी. मला वाटले... मला काही वाटलेच नाही. मी अठ्ठावन्न वर्षे प्रश्न विचारत राहिले, पण 'दिवाळीला याल ना?' हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. पत्ता शोधत बसले आणि पुढे मरोळचा पत्ता मिळाल्यावरही पत्र टाकले नाही.

"मग तुला काय हवं?" मी विचारले.

"बोलावणं. आणि तुम्ही नाही करायचं. तुम्ही करणारच. दादाने करायचं."

"एवढंच ना," निलेश म्हणाला.

"एवढंच असतं तर झालं असतं आतापर्यंत."

कलम ६. त्याप्रमाणे लिहिते की, दर वर्षी घरच्या कार्याला निलेशने मानसीला स्वतः फोन करून बोलवावे. माझी आठवण म्हणून नव्हे, माझ्या धाकाने नव्हे. हे कलम कोणत्याही न्यायालयात बजावून घेता येणार नाही, असे रेवती सांगते. राहू द्यावे. कलम ५ मात्र बजावता येते आणि मानसी नको म्हणाली तरी ते तसेच राहील. बोलावणे आणि घर यांत मी अदलाबदल करू देणार नाही. तिला दोन्ही मिळायचे होते.

कलम ७. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी ॲड. रेवती नाडकर्णी यांना नेमते. कलम ५ लांबले याबद्दल त्यांचा लेखी आक्षेप त्यांनी मागे जोडला तर माझी हरकत नाही.

ऑक्टोबरपासून सही करायची मी टाळत होते. कलम ६ नुसते कागदावरच राहणार असेल तर ते खोडावे, असे मनात होते. आज सकाळी मानसीचा फोन आला.

"मावशी, दादाचा फोन आला होता. मी घाबरले, म्हटलं तुम्हाला काही झालं की काय. तर म्हणाला, नाही गं, सहजच. मग कितीतरी वेळ नुसता खाकरतोय. मग म्हणाला, बुधवारी संक्रांतीला ये."

"मग तू काय म्हणालीस?"

"विचारलं, किती वाजता. तर म्हणाला, ते अक्षताला विचारून सांगतो."

सबब, काहीही न खोडता, वरील सर्व मजकूर पुन्हा एकदा वाचून, खालील दोघांच्या समक्ष मी सही करत आहे.

(सही) क्षमा मधुकर साटम

आम्हा दोघांसमोर क्षमाताईंनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली. या कागदाने आम्हा दोघांनाही काही मिळायचे नाही.

१. (सही) डॉ. सुशांत गवाणकर, घाटकोपर (पूर्व)
२. (सही) प्रांजल केळुसकर, शेजारी, तेराव्या मजल्यावरील

स्थळ: पंतनगर, घाटकोपर
दिनांक: ११ जानेवारी २०२६, रविवार