पेडलवरचा पाय

दि. ४ मार्च

प्रिय टिंगू,

स. न. वि. वि.

तू आधी माझी मैत्रीण आणि मग नणंद, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. फोनवर हे बोलता येत नाही. आपल्या घराची भिंत इतकी पातळ, की मी आत कुजबुजले तरी अंगणात गाडीखाली आडव्या पडलेल्या तुझ्या दादाला ऐकू जातं. आणि तो हल्ली तिथेच असतो. घरात येतो तो जेवायला आणि हात धुवायला, त्यातलं हात धुणं नावापुरतंच.

आपली पिकअप म्हातारी झालीय हे मलाही मान्य आहे. पण म्हाताऱ्या माणसाची सुद्धा कुणी इतकी सेवा करत नाही गं! लोंबणारं दार बिजागरी बदलून सरळ केलं. पायाखालचा पत्रा गंजला होता, तिथे तेलाचा डबा कापून ठिगळ लावलं. मग वायपर, मग हॉर्न, मग मागच्या फाळक्याची कडी. प्रत्येक वेळी 'झालं आता' म्हणतो, मी सुटकेचा निःश्वास सोडते आणि तेवढ्यात त्याला नवीन काहीतरी सापडतं. माझ्या स्वयंपाकघरात आता चमचे कमी आणि पाने-स्क्रूड्रायव्हर जास्त झालेत. परवा साखरेचा डबा म्हणून उघडला तर आत नटबोल्ट.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण खोऱ्यातली सूर्यफुलं उमलायला आलीत. शेतकऱ्याचा निरोप येऊन गेला की मधमाश्यांच्या पेट्या वेळेत आल्या नाहीत तर तो दुसऱ्या मधवाल्याला जागा देईल. इकडे एक फूल उरलेलं नाही. आपल्या माश्या साखरेच्या पाकावर तग धरून आहेत, त्याही चिडचिड्या झाल्यात. हा बहर हुकला तर यंदाचा मध गेलाच, शिवाय निम्म्या पेट्या रिकाम्या होतील. हे मी त्याला रोज सांगते. तो मान डोलावतो आणि पुन्हा गाडीखाली सरकतो.

आता खरी गोष्ट. तुला ठाऊकच आहे, बोल्ट पक्का आवळला की तो त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढतो, अर्धी नटावर आणि अर्धी शेजारच्या पत्र्यावर. रेघ जुळलेली असली म्हणजे तिथे पुन्हा कुणी हात लावलेला नाही. काल मी चाकांशी वाकून पाहिलं. ब्रेकच्या नळ्यांच्या जोडांवर एकावर एक रेघाच रेघा. म्हणजे आवळायचं, रंगवायचं आणि स्वतःच पुन्हा सोडवायचं! माझा झाडूही त्यानं पळवला. सापडला तो गाडीत, दांड्याचं एक टोक ब्रेकच्या पेडलवर आणि दुसरं सीटला टेकवलेलं. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, असंच.

टिंगू, ज्याला निघायचं असतं तो असं करत नाही. हा सगळा प्रवास आम्ही दोघं मिळून करायचो. मला आता रात्रंदिवस एकच वाटतं, की त्याला माझ्याबरोबर कुठे जायचंच नाही. मी नकोशी झालेय, आणि ते तोंडावर सांगायला जमत नाही म्हणून तो गाडी मोडतोय.

उत्तर लवकर पाठव. लोभ आहेच, पण तो थोडा जास्त लागणार आहे सध्या.

तुझी,
भिंगरी

---

दि. ८ मार्च

सौ. वहिनीसाहेबांच्या सेवेशी,

शि. सा. न. वि. वि.

नमस्कार मुद्दाम वाकून केलाय, कारण पुढे तुला झापणार आहे. नकोशी म्हणे! शाळेत असताना तुझ्या सायकलच्या ट्यूबमधलं पंक्चर शोधत दादा अख्खी दुपार बादलीत हात घालून बसला होता. पंक्चर नव्हतंच मुळी. तू अंगणातून जाऊ नयेस एवढ्यासाठी चाललं होतं ते. असा माणूस एकदम नकोशी म्हणायला लागत नाही.

पण तुझ्या पत्रातल्या त्या रेघांनी मलाही स्वस्थ बसू दिलं नाही. माझ्या वॉर्डात असे नातेवाईक येतात. पेशंट ऑपरेशनला आत गेला, की हे बाहेर चादरीची घडी घालतात, मोडतात, पुन्हा घालतात. आम्ही त्यांना काही बोलत नाही. फक्त कुठला पेशंट त्यांचा आहे, ते बघून ठेवतो. दादाचा कोण पेशंट आहे, ते मला कळत नाही. त्याला आजच वेगळं पत्र टाकतेय, आणि गोड बोलून नाही.

तू दोन घास नीट खा. झाडू नवा घे. नणंदेचा छळ अधूनमधून सोसावा, म्हणजे लोभ ताजा राहतो.

तुझी,
टिंगू

---

दि. १२ मार्च

चि. टिंगूस,

अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. नर्स झालीस म्हणून भावाची नाडी टपालानं बघायला लागलीस की काय? रेडिएटरचा पाइप बदलला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. एवढं लिहून पत्र संपवणार होतो, पण तू विचारलंयस ते टाळून माझंच चित्त थाऱ्यावर राहत नाही.

गेल्या हंगामात पेट्या लादून खोऱ्यात उतरत होतो. तुझी वहिनी शेजारी झोपली होती, डोकं काचेला टेकवून. अर्ध्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली पत्र्याला जाऊन टेकलं. जिना उतरताना एक पायरीच नसावी ना, तसं. गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला. कडेला रस्त्याच्या कामाचा खडीचा ढीग होता, त्यात गाडी घातली. थांबली. पेट्या हलल्या, माश्या खवळल्या, बाकी कुणाला काही झालं नाही. ती जागी झाली आणि पोचलो का म्हणाली. मी म्हटलं, इंजिन तापलंय, जरा थंड होऊ देतो. तिनं माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि पुन्हा झोपली. ब्रेक निवल्यावर पेडल वर आलं आणि उरलेला उतार मी पहिल्या गिअरवर काढला.

तेव्हापासून ब्रेकचं सगळं बदललं. सिलिंडर, नळ्या, लायनर, तेल. तरी पेडल पायाला मऊच लागतं. नळ्यांत हवा राहते. ती काढायला खरं म्हणजे दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी स्क्रू सैल करून तेलाबरोबर हवा बाहेर सोडायची. मी झाडूच्या दांड्यावर भागवतो. दांडा मधेच सरकतो आणि हवा पुन्हा आत जाते. वर्कशॉपमध्ये ने म्हणशील, तर तिथला रस्ताही उताराचाच आहे.

तिला हाक का मारत नाही, असं विचारशील. हाक मारली तर ती विचारणार, ब्रेकला काय झालंय. मग सगळं सांगावं लागेल. आणि एकदा सांगितलं की ती माझ्या शेजारी पुन्हा कधी झोपणार नाही. बसेल, येईल, तक्रार करणार नाही. पण झोपणार नाही. ते मला बघवणार नाही गं.

तिला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. लोभ उघडा असू दे आणि तोंड बंद.

तुझा,
दादा

---

दि. १४ मार्च

प्रिय टिंगू,

स. न. वि. वि.

सूर्यफुलं उमलली. शेतकरी म्हणतो, या शुक्रवारपर्यंत वाट बघतो, पुढे नाही. भाड्याच्या टेम्पोवाल्यांकडे जाऊन आले. पेट्या न्यायच्यात म्हटलं की आधी हो म्हणतात, आत माश्या आहेत म्हटलं की त्यांना एकदम दुसरी कामं आठवतात.

म्हणून मी ठरवलंय. गाडी मीच नेणार. लायसन्स आहे, गाडीची दुसरी किल्लीही माझ्याजवळ आहे. गुरुवारी संध्याकाळी माश्या आत शिरल्या की पेट्यांची दारं बंद करायची आणि शुक्रवारी उजाडताना निघायचं. तुझ्या दादाला तसं सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. गाडी अजून तयार नाही म्हणाला. काय राहिलंय म्हणून विचारलं, तर नुसता पाना हातात फिरवत उभा राहिला. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, तुला यायचं तर ये, नाहीतर झोपायला अंगण तुझंच आहे, वर गाडी मात्र नसेल.

बोलून गेले, आणि तेव्हापासून नुसती फिरतेय. मी अंगणात जाते, परत येते, पेट्यांना कान लावते, पुन्हा जाते. माझं नाव भिंगरी पडलं ते काही उगीच नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस मला एक कारण सांगू शकत नाही, याचा राग येतो आणि त्याहून जास्त वाईट वाटतं.

मला अडवणारं पत्र लिहू नकोस. बाकी लोभाबद्दल जे लिहायचं ते लिही.

तुझी,
भिंगरी

---

दि. १६ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

हे पत्र कुरिअरनं पाठवतेय. काल फोन केला तर तू उचललास, सगळं ठीक आहे म्हणालास आणि ठेवून दिलास. आता वाचणं भाग आहे, कागद काही ठेवून देता येत नाही.

वहिनी शुक्रवारी एकटी गाडी घेऊन तो उतार उतरणार आहे, ज्या ब्रेकवर तुझा स्वतःचा विश्वास नाही त्याच्या भरवशावर. ती झोपणार नाही म्हणून तू जपलंस, आणि आता ती जागी राहून तिथूनच जाणार आहे. तुला काय वाटतं, तिला काहीच कळत नाही? तिला वाटतंय ती तुला नकोशी झालीय. हो, हेच वाटतंय. रोज तुझं ताट वाढताना हेच वाटतंय. तू तिला भीतीपासून लांब ठेवायला गेलास आणि त्याहून वाईट काहीतरी तिच्या गळ्यात घातलंस.

आमच्या वॉर्डात एक नियम आहे. पेशंट एकट्यानं उचलायचा नाही. कितीही ताकद असो, दुसऱ्याला हाक मारायची. जो मारत नाही तो स्वतःची पाठ मोडून घेतो आणि पेशंटही पाडतो. नव्या मुलींना मी यावरून रडेस्तोवर बोलते, तुला तर लहानपणापासून घाबरतच आलेय, तरी बोलतेय.

गुरुवारी संध्याकाळी मी फोन करीन आणि वहिनीलाच बोलवीन. तोवर तू सांगितलं नसशील, तर मी सांगेन. तुझा शब्द मोडल्याबद्दल मग जन्मभर अबोला धर, मला चालेल.

तुझ्यावर लोभ आहे म्हणूनच एवढी चिडलेय.

तुझीच,
टिंगू

---

दि. २४ मार्च

प्रिय टिंगू,

स. न. वि. वि.

हे पत्र खोऱ्यातून लिहितेय, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून. समोर नजर जाईल तिथवर पिवळं आहे आणि माश्यांना दम खायला फुरसत नाही. गुरुवारी फोनवर मी सगळं कळलं एवढंच बोलू शकले, कारण रडत होते. आता नीट सांगते.

मी पेट्यांची दारं बंद करत होते. तो मागे येऊन उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलला. खडीचा ढीग, पाण्याची बाटली, सगळं. मी तिथेच एका पेटीवर बसले. आत माश्या घुं घुं करताहेत, बाहेर मी. आधी भीती वाटली. मग इतका राग आला म्हणून सांगू! मी त्याला वाट्टेल ते बोलले. मी तुला नकोशी झाले असं समजून मी किती दिवस उशीत तोंड खुपसून काढले, तेही सांगितलं. हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पुरुषांना बोल्टच्या पलीकडचं दिसत नाही, हे तू तुझ्या नर्सच्या वहीत लिहून ठेव.

शेवटी मी झाडूचा दांडा गाडीतून ओढून बाहेर फेकला आणि सीटवर चढून बसले. काय करायचं ते सांग म्हटलं. तो चाकाशी बसला. तो दाब म्हणाला की मी दाबायचं आणि दाबलं म्हणून ओरडून सांगायचं. तो स्क्रू सैल करणार, पेडल माझ्या पायाखाली हळूहळू बुडत जाणार, आणि तो सोड म्हणेपर्यंत मी पाय काढायचा नाही. आधी एकदा चुकून पाय उचलला तर तो गाडीखालून असा ओरडला, की मला बरंच वाटलं. कितीतरी दिवसांनी तो माझ्यावर मोकळेपणानं ओरडला होता. स्क्रूला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे येत होते, येतच होते, आणि मग यायचे थांबले. चारही चाकं झाली तेव्हा पेडल पायाला दगडासारखं लागलं. त्यानं स्वतः बसून दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. मग डोकं स्टिअरिंगवर टेकवलं.

सकाळी आधी सपाट रस्त्यावर गाडी नेऊन किती वेळा ब्रेक मारले, विचारू नकोस. पेट्यांतल्या माश्यांनी आम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. मग उतार लागला. तोच चालवत होता. मी टक्क जागी, नजर त्याच्या पायावर. ती जागा आल्यावर त्यानं मानेनं दाखवली. खडीचा ढीग आता तिथे नाही, रस्त्याचं काम संपलंय. कडेला नुसती दरी आहे. त्यानं हलकेच ब्रेक दाबला, गाडी हळू झाली, आम्ही वळण घेतलं.

त्यानंतर थोड्या वेळानं, रस्त्यावरची नजर न हटवता तो म्हणाला, की रात्रभर तुझा डोळा लागलेला नाही, आता जरा झोप.

टिंगू, मला झोप कुठली येतेय! तरी मी डोकं काचेला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. पुढे बऱ्याच वेळानं त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, झोपलीस का. मी उत्तर दिलं नाही.

इथून हलायला बहर संपेपर्यंत वेळ आहे, तेव्हा पत्र याच पत्त्यावर टाक. तुझा दादा तुझ्याशी अबोला धरणार नाही, त्याची हमी मी घेते. लोभ होता तेवढाच राहू दे, आम्हाला तो पुरला.

तुझी,
भिंगरी